वर्गात दिव्यांग मूल आलंय, पहिल्या सत्रात काय करायचं?

जूनमध्ये जनरल रजिस्टरला नाव चढलं, गणवेश मिळाला, पुस्तकं मिळाली, की दाखल करून घेण्याचं काम संपतं. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते मूल वर्गात बसून नेमकं काय करतं, हा खरा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर दुःखद असतं. मूल शेवटच्या रांगेत बसतं, पाटीवर रेघोट्या मारतं, खिचडी खातं आणि घरी जातं. अशी चार वर्षं गेली की पाचवीच्या वर्गशिक्षकांना वाटतं, याला काहीच येत नाही. येणार कुठून? त्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत नव्याने रुजू झालेल्या, आणि वर्गात पहिल्यांदाच दिव्यांग मूल आलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. विशेष शिक्षणाची पदवी नसताना, तीस-पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळून जे करता येतं, तेवढंच इथे घेतलं आहे.

आधी कायदा, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली खास अडचण), थॅलेसेमिया, सिकलसेल हे नव्या यादीत आहेत. या कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे (कलम ३१). शेजारच्या साध्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, हे मुलाने आणि पालकांनी ठरवायचं.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय त्या दुरुस्तीने दिला. तो पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. 'तुमच्या मुलाला घरीच शिकवू, शाळेत आणू नका' असं शाळा सांगू शकत नाही. मुख्याध्यापकांना हे शांतपणे, एकदाच आणि कागद दाखवून सांगून ठेवा. पुढचे वाद वाचतात.

पहिले पंधरा दिवस पाहा आणि लिहा

एक साधी वही घ्या. रोज चार ओळी लिहा, पण शेरे लिहू नका. 'लक्ष देत नाही' हा शेरा झाला. 'फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, पुस्तकातलं मात्र नीट उतरवतो' हे निरीक्षण. अशा निरीक्षणातून लगेच शंका येते की लांबचं दिसत नसावं. डॉक्टरांना आणि विशेष शिक्षकांना हीच वही उपयोगी पडते.

काय पाहायचं? मूल कुठल्या वेळी गुंतून बसतं, कुठल्या वेळी उठून जातं. मागून हाक मारली तर वळतं का. दोन सूचना एकत्र दिल्या ('वही काढ आणि तारीख लिही') तर दोन्ही पाळतं का. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतं. शौचालयाला एकटं जातं का, की तहान मारून संध्याकाळपर्यंत थांबतं. हे शेवटचं कुणी पाहत नाही. चालण्याची अडचण असलेली अनेक मुलं, विशेषतः मुली, शाळेत पाणी पीत नाहीत. का, ते शौचालयाच्या भागात येईल.

काही मूल्यांकनाच्या आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या. नजरेचा 'ई' अक्षराचा तक्ता आरोग्य केंद्रातून मिळतो. तो ६ मीटरवर, उजेडात लावा. एक डोळा तळव्याने झाका, पण दाबू नका, कारण दाबलेला डोळा उघडला की काही वेळ अंधुक दिसतं आणि चाचणी चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी तुमच्या यादीतलं मूल गैरहजर राहणार नाही, याची खबरदारी घ्या. पथकाकडे नुसतं मूल नेऊ नका, वहीही न्या.

वाचन-लेखनाच्या अडचणीबाबत उतावीळ होऊ नका. पहिली-दुसरीत अक्षरं उलटी काढणं, ब-व, घ-ध, म-भ यांत गोंधळ होणं, वेलांटी चुकीच्या बाजूला देणं हे पुष्कळ मुलांत दिसतं आणि ओसरतं. तिसरीतही काना-मात्रा गळत असतील, रफार आणि जोडाक्षरं अजिबात बसत नसतील, तोंडी उत्तर उत्तम पण लिहिलेलं वाचवत नाही अशी तफावत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तिसरी किंवा वयाची आठ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शिक्षकाने चाचपणी करावी असं आहे.

इथे एक मोठी चूक होते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं किंवा डहाणू-जव्हारकडे वारली बोलणारं मूल प्रमाण मराठीत अडखळतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल सहा-सहा महिने शाळेबाहेर असतं. ही दोन्ही मुलं मागे पडलेली दिसतात, पण त्यांना दिव्यांग म्हणून नोंदवणं हा अन्याय आहे. आधी विचारा, घरची भाषा कुठली आणि गेल्या दोन वर्षांत हजेरी किती.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप चाचपणीसाठी आहे. पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा, दुसरा विशेष शिक्षकांनी. त्यातून निदान होत नाही, पुढे कुठे पाठवायचं एवढंच ठरतं. शिक्षकाने कुठल्याही मुलाला स्वतःहून 'मतिमंद' किंवा 'ऑटिझमचा' ठरवू नये, स्टाफरूममध्येसुद्धा नाही. तिथला शब्द गावात पोचायला एक दिवस लागतो.

आई-वडिलांशी बोलताना

पालकसभेत सगळ्यांसमोर विषय काढू नका. घरी जा, किंवा शाळा सुटल्यावर बोलवा. शक्यतो आई-वडील दोघंही असावेत. फक्त आईला सांगितलं तर दोष तिच्यावर येतो, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे.

सुरुवात मूल काय करू शकतं इथून करा. मग वहीतलं एखादं निरीक्षण सांगा. 'ताई, गौरी गोष्ट फार छान सांगते. पण मी पाठमोरी उभी राहून बोलले की तिला कळत नाही, असं मला आठ-दहा वेळा दिसलं. घरी टीव्हीचा आवाज मोठा लागतो का तिला?' यात आरोप नाही, निदान नाही, फक्त प्रश्न आहे. उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडे आधीपासूनच असतं. त्यांना ते बोलायला कुणी भेटलेलं नसतं.

'मोठं झालं की येईल आपोआप' असं ते म्हणतील. वाद घालू नका. एकच छोटी पायरी मागा, 'एकदा कान तपासून घेऊ, मग ठरवू.' आणि तारीख ठरवूनच उठा. तारखेशिवाय झालेलं बोलणं पुढच्या जूनपर्यंत तसंच राहतं.

प्रमाणपत्र आणि नोंदी

वैश्विक दिव्यांगत्व ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज होतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयासारख्या ठरलेल्या रुग्णालयात होते. कुठल्या प्रकारच्या तपासणीचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात, हे आधी विचारून घ्या. रोजंदारी बुडवून तालुक्याहून आलेलं कुटुंब 'आज मानसोपचारतज्ज्ञ नाहीत' ऐकून परत गेलं, तर दुसऱ्यांदा येत नाही. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळतंय ना, तेही पाहा, कारण तिथे अर्ज अडकतो. लहान मुलांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा ठरावीक मुदतीची असतात. मुदत संपण्याची तारीख तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

अध्ययन अक्षमतेची तपासणी थोड्याच ठिकाणी होते. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम ही त्यांतली जुनी ठिकाणं. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी हे प्रमाणपत्र मिळत नाही.

यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीत, मुलाची नोंद दिव्यांगत्वाच्या योग्य प्रकारासह करा. साहित्य, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं, प्रवास आणि मदतनीस भत्ता, मुलींसाठी वर्षातले १० महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, हे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळतं आणि मागणी या नोंदीवरून जाते. ऐनवेळी घाईत 'इतर' असा रकाना भरला, तर कर्णबधिर मुलाचं श्रवणयंत्र मागणीतच येत नाही.

पण एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. प्रमाणपत्राची वाट पाहत वर्गातलं काम थांबवू नका. कागद यायला सहा महिने लागू शकतात. मुलाला पुढच्या बाकावर बसवायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

विशेष शिक्षकांची भेट वाया जाऊ देऊ नका

गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या तालुका पातळीवरच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांकडे अनेक शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरवलं. प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक. आपल्या तालुक्यात ते किती पाळलं जातंय, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारायचा तुम्हाला आणि शाळा व्यवस्थापन समितीला अधिकार आहे. लेखी विचारा.

ते येतात तेव्हा मुलाला व्हरांड्यात नेऊन अर्धा तास शिकवतात आणि सही करून जातात, असं होऊ देऊ नका. त्यांना वर्गात बसवा, तुमचा तास पाहायला सांगा. तीन प्रश्न लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'वजाबाकी कशाने शिकवू?' जाण्याआधी त्यांनी एक कृती तुमच्यासमोर करून दाखवावी, असा आग्रह धरा. मुलाबरोबर रोज पाच तास तुम्ही आहात, ते महिन्यातून एखादा दिवस.

वर्गातले बदल

*कमी दिसणाऱ्या मुलासाठी.* पुढे बसवा, पण खिडकीकडे तोंड करून नको. उजेड पाठीमागून किंवा बाजूने यावा. फळ्यावर चकाकी पडते का, हे त्याच्या जागेवर स्वतः बसून पाहा. लिहिताना मोठ्याने बोलत लिहा. 'हे इथे, ते तिथे' असं म्हणू नका, 'उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात' म्हणा. वहीवर जाड काळ्या पेनाने ओळी आखून द्या. पूर्ण अंध मुलासाठी ब्रेल पाटी, लेखणी आणि गणितासाठी टेलर फ्रेम (स्पर्शाने आकडे मांडायची खाचांची पाटी) लागते. ब्रेल लिहिताना कागदावर उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात. हे ठाऊक नसलेले शिक्षक 'उलटं लिहितो' म्हणून ओरडलेले आहेत. वर्गातलं सामान हलवलं तर पहिल्यांदा त्या मुलाला हात धरून फिरवून दाखवा.

*कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी.* श्रवणयंत्र कानाला आहे म्हणजे ऐकू येतंय असं नाही. सेल संपलेला असतो, नळीत मळ किंवा पाणी असतं, कानातला साचा लहान झालेला असतो. म्हणून रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी करा. मुलाच्या मागे एक मीटरवर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. सहा आवाज उलटसुलट क्रमाने, मध्ये कमी-जास्त थांबत, नेहमीच्या आवाजात काढा. म्, ऊ, आ, ई, श्, स्. प्रत्येक आवाजाला मुलाने एक चिंचोका डब्यात टाकायचा. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे स्वर या सहांत येतात. काल ऐकू आलेला 'स्' आज येत नसेल, तर यंत्रात बिघाड आहे किंवा कानात सर्दीचं पाणी. सेल बदलून पुन्हा करा. सेलचा चिकट कागद काढल्यावर एखादं मिनिट तो उघडा ठेवावा, मग बसवावा. तो हवेवर चालतो. जस्ताचे हे सेल साधारण एक ते दोन आठवडे टिकतात, म्हणून दोन जादा सेल वर्गातल्या कपाटात हवेत.

पावसाळ्यात, कोकणात तर खासच, दमटपणाने यंत्रं बंद पडतात. रात्री यंत्र झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवायला पालकांना सांगा. नव्या चपलांच्या खोक्यात त्या पुड्या असतात. उन्हात वाळवू नका.

शिकवताना तोंड मुलाकडे ठेवा, फळ्याकडे वळून बोलू नका. शब्द तोडून किंवा ओरडून बोलल्याने ओठ वाचणं उलट अवघड होतं. दुसरं मूल उत्तर देत असेल तर त्याच्याकडे बोट दाखवा, म्हणजे याला कळतं कुठे पाहायचं. खुणांची भाषा वापरणारं मूल असेल तर वर्गालाही रोज एक खूण शिकवा. दीक्षा पोर्टलवर भारतीय सांकेतिक भाषेतले व्हिडिओ आहेत. श्रवणदोषाबद्दलची देशातली मुख्य सरकारी संस्था, अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबईत वांद्र्याला आहे.

*सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड होणं) असलेल्या मुलासाठी.* आधी बैठक नीट करा, शिकवणं नंतर. तोल सांभाळण्यातच सगळी ताकद गेली तर हात लिहिणार कसा? पाय पूर्ण टेकलेले, गुडघे आणि कंबर काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. खुर्ची उंच असेल तर पायाखाली विटा किंवा लाकडी पाट ठेवा. बाजूला कलत असेल तर गुंडाळलेले टॉवेल दोन्हीकडून लावा. सतरंजीवर बसणाऱ्या वर्गात या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं तर पाठीला दोन्हीकडून आधार मिळतो. पेन्सिलीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करा. वही चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा.

बोलणं अस्पष्ट असेल तर प्रश्न विचारून मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक तीन मोजायच्या आत दुसऱ्या मुलाकडे वळतात. यांतल्या अनेक मुलांची बुद्धी अगदी वयाप्रमाणे असते, आणि त्यांना बाळासारखं बोललेलं कळतं आणि लागतं.

जेवणात धोका असतो. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मूल ताठ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, खिचडी मऊ आणि कोरडी नसलेली. एक घास गिळल्यावरच दुसरा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका.

*स्वमग्न मुलासाठी.* दिवसाचा क्रम चित्रांत लावा. परिपाठ, भाषा, जेवण, गणित, खेळ, घर, अशी पाच-सहा चित्रं पुरतात. झालेलं चित्र मुलाने काढून डब्यात टाकायचं. बदल होण्याच्या पाच मिनिटं आधी सांगा. परिपाठाचा कर्णा, घंटा, पत्र्यावरचा पाऊस यांनी काही मुलं कान दाबून ओरडतात. हा हट्ट नाही, तो आवाज त्यांना सहन होत नाही. परिपाठात त्याला कर्ण्यापासून लांब उभं करा. वर्गात एक कोपरा शांत बसण्यासाठी ठेवा, पण तो शिक्षेचा कोपरा होऊ देऊ नका. फाटक लावलेलं असावं, काही मुलं अचानक पळत सुटतात.

*बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी* वेगळं काही फारसं लागत नाही, छोटे टप्पे लागतात. ते पुढे आराखड्यात येतं.

वैयक्तिक आराखडा एका पानात

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचे छापील नमुने दहा-बारा पानांचे असतात. भरले जातात, फाईलला लागतात, कुणी उघडत नाही. एक पान पुरे. त्यावर तीन उद्दिष्टं, त्याहून जास्त नाहीत. एक भाषेचं, एक गणिताचं, एक स्वतःची कामं स्वतः करण्याचं.

उद्दिष्ट असं लिहा की कुणीही पाहून हो-नाही सांगू शकेल. 'संख्याज्ञान सुधारणे' यातून काही कळत नाही. 'ऑगस्टअखेर ढिगातून सांगितलेले ५ चिंचोके मोजून देईल, ५ पैकी ४ वेळा' हे तपासता येतं. मग त्याचे टप्पे पाडा. एक आणि दोन वेगळे ओळखणं, एकेक चिंचोका हलवत मोजणं, 'तीन दे' म्हटल्यावर तीनला थांबणं. बहुतेक मुलं या थांबण्यावर अडतात. ढीग संपेपर्यंत मोजत जातात. अशा वेळी तीन खळगे असलेली अंड्यांची ट्रे द्या. खळगे भरले की थांबायचं. दोन आठवड्यांनी ट्रे काढून घ्या.

मदतीचा क्रम ठरलेला ठेवा. आधी हात धरून, मग करून दाखवून, मग नुसतं तोंडी सांगून, मग काहीच नाही. मदत कमी करायची राहून जाते आणि मूल वर्षभर तुमच्या हातावर अवलंबून राहतं, ही सर्वांत नेहमीची चूक. रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ बाकी वर्ग शुद्धलेखन लिहीत असताना.

विषय मात्र वर्गाचाच ठेवा. वर्ग गुणाकार करत असेल तर याने तीन-तीन चिंचोक्यांचे गट करावेत. वर्ग एकीकडे आणि हे मूल रंगकामाच्या पुस्तकात, असं रोज झालं तर ते वर्गात असून नसल्यासारखंच.

उतार आणि शौचालय

चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं (रॅम्पचं) प्रमाण १ ला १२. जोतं ४५ सेंटीमीटर उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब हवा, ६० सेंटीमीटर असेल तर ७.२ मीटर. टेप घेऊन आपल्या शाळेतला मोजा. दोन फुटांच्या जोत्याला आठ फुटांचा उतार बांधलेला जागोजागी दिसतो. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना उलटते. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापाशी खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा. गुळगुळीत फरशी नको. पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून दर आठवड्याला खराट्याने घासून घ्या. आणि उतार जिथे संपतो तिथून फाटकापर्यंत चिखल असेल तर उताराचा उपयोग शून्य.

शौचालयाच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर, दार बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळायला दीड मीटर जागा, धरायला भिंतीतले दांडे, नळ हाताला येईल असा. दिव्यांगांसाठीचं शौचालय बांधलेलं असतं, पण त्याला कुलूप असतं आणि आत खेळाचं साहित्य किंवा जुनी भांडी असतात. ज्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यांचं कारण हे कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात नको, दाराजवळच्या खिळ्याला हवी. नवीन बांधकाम शाळा व्यवस्थापन समितीत येतं तेव्हा ही मापं ठरावात आकड्यांनिशी लिहा. 'नियमाप्रमाणे रॅम्प' एवढंच लिहिलं तर गवंडी त्याच्या अंदाजाने बांधतो.

फीट आली तर

दिव्यांग मुलांमध्ये फीट येण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि वर्गात ती आली की गोंधळ उडतो. हे भिंतीवर लावून ठेवा.

१. घड्याळ पाहा. वेळ लिहा.
२. आजूबाजूची बाकं, दप्तरं, टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेला कपडा ठेवा. गळ्याचं बटण सैल करा.
३. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्याने फीट थांबत नाही.
४. झटके थांबले की मुलाला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल.
५. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, श्वास नीट नसेल, मार लागला असेल किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर १०८ ला फोन करा.
६. शुद्धीवर आल्यावर झोपू द्या. कपडे ओले झाले असतील तर वर्गासमोर नको, बाजूला नेऊन बदला. एक जादा कपड्यांचा जोड शाळेत ठेवा.

रोजची गोळी चुकणं हे फीट येण्याचं मोठं कारण आहे. सणासुदीत, लग्नाला गावी गेल्यावर, गोळ्या संपल्यावर ती चुकते. सोमवारी सकाळी सहज विचारत जा.

बाकीची मुलं

वर्गाला मुलाच्या दिव्यांगत्वाबद्दल सांगायचं असेल तर आधी आई-वडिलांना आणि शक्य असेल तर त्या मुलाला विचारा. सांगताना कीव नको. 'बिचारा' हा शब्द वर्गात एकदा आला की तो त्याच्या नावासारखा चिकटतो. सरळ सांगा, 'समीरला आवाज कमी येतो, म्हणून त्याच्याशी बोलताना समोर यायचं.' मुलं ते दोन दिवसांत आत्मसात करतात.

शेजारमित्र ठरवा, पण दर पंधरवड्याला बदला. एकाच हुशार मुलीवर वर्षभर जबाबदारी टाकली की तिचं शिकणं अडतं, आणि मैत्रीची चाकरी होते. उलट दिशेनेही काम द्या. पाणी देणं, हजेरीची पाटी लावणं, खडू वाटणं. ज्याला नेहमी फक्त मदत मिळते, त्याला कुणी मित्र मानत नाही. खेळाच्या तासाला 'तू बसून पाहा' म्हणू नका. खो-खोत उठून पळता येत नसेल तर गुण मोजायला द्या, चेंडूचा खेळ बसून खेळवा.

टोपणनावं पडली तर त्याच दिवशी थांबवा, आणि शिक्षकांनी वापरलेली असतील तर आधी ती.

मूल्यमापन आणि पुढची परीक्षा

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती ही साधनं आधीपासून आहेत. लिहिता न येणाऱ्या मुलाचं ज्ञान त्यांतून नोंदवा. संकलितमध्ये, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, प्रश्न वाचून दाखवणं, जादा वेळ, उत्तरावर बोट ठेवून दाखवणं या सवलती द्या, आणि कुठली दिली ते उत्तरपत्रिकेवर लिहा. सगळ्यांना सरसकट उत्तीर्णाचे गुण भरून टाकणं सोपं असतं, पण त्यामुळे पुढच्या शिक्षकांना मूल कुठे आहे ते कळत नाही.

दहावीला पात्र विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, गणनयंत्र, काही विषयांत पर्याय अशाही सवलती प्रकाराप्रमाणे आहेत. मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच प्रमाणपत्राची मुदत तपासून कागद तयार ठेवा. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. विरामचिन्हं, आकृत्या, गणितातल्या पायऱ्या कशा सांगायच्या, याचा सराव निदान सहा महिने हवा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटलेला लेखनिक सवलतीचा निम्मा फायदा खाऊन टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी

एक पानी आराखडा उघडा. तिन्ही उद्दिष्टांपुढे हो, नाही किंवा अर्धवट लिहा. 'नाही' असेल तर मूल कमी पडलं असं धरू नका. टप्पा मोठा होता का, वेळ दिला गेला का, साधन चुकलं का, हे पाहा आणि दुसऱ्या सत्रासाठी पान नव्याने लिहा. आई-वडिलांना बोलवून त्यांच्यासमोर मुलाकडून एक आलेली गोष्ट करून घ्या.

वही, पान आणि प्रमाणपत्राची प्रत एकाच पाकिटात ठेवा. वर्ग बदलला किंवा तुमची बदली झाली, तर ते पाकीट पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या, कपाटात नको. वरच्या कागदावर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मूल स्वतः काय करतं, कुठे आणि किती मदत लागते, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, आणि रोजचं औषध कुठलं.